या वर्षापुरता दांडा

रशीद गुरुजी रोज सकाळी शाळेच्या फाटकात उभे राहायचे आणि आत येणाऱ्या प्रत्येक पोराचा हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायचे. मी त्या शाळेवर रुजू झालो त्या दिवशी त्यांनी माझाही घेतला. जरा दाबला, क्षणभर धरून ठेवला आणि म्हणाले, "पुस्तकाचा हात हाय. चालंल."

नेकनूरहून आत फुटणाऱ्या एका रस्त्यावर ती शाळा होती. दोन खोल्या, दोन शिक्षक, एक हापसा. गावाचं नाव मी सांगत नाही. ज्यांना ते ठाऊक नाही त्यांना त्याचा उपयोग नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे ते मला फोन करतील. शाळेच्या एका अंगाला गाव होतं आणि दुसऱ्या अंगाला अर्धा खाल्लेला डोंगर. डोंगराच्या पोटात खदान, खदानीच्या काठाला पत्र्याच्या आणि ताडपत्रीच्या खोपटांची वस्ती. मोठ्या ठेकेदारांचे क्रशर हमरस्त्याला होते. आमची खदान लहान, बिनमशीनची. इथं घरंच्या घरं दगडावर बसून हातानं खडी फोडायची आणि ट्रॅक्टरची ट्रॉली भरून द्यायची. मजुरी माणसाला नव्हती, ट्रॉलीला होती. ती कुणाकुणाच्या हातांनी भरली हे विचारायची पद्धत नव्हती.

गुरुजींचं ते हात धरणं मला पहिले काही दिवस फार हृद्य वगैरे वाटलं. शिक्षकदिनाच्या भाषणात घालण्यासारखं. मग माझ्या लक्षात आलं की काही पोरांचा हात ते लगेच सोडतात आणि काहींचा धरून ठेवतात. ज्यांचा धरून ठेवायचे त्यांना सांगायचे, "तू मागं बस. भिंतीला पाठ टेक." ती पोरं पहिला तास झोपून काढायची आणि गुरुजी त्यांना उठवत नसत.

मी एकदा विचारलं.

"आमी बागवान, सर," ते म्हणाले. "बीडला आमचा फळांचा गाडा. ल्हानपणापासून फळ दाबून बघायची सवय. डोळ्याला फसवता येतं, हाताला न्हाई. हे पोरगं पहाटंपासून खडी फोडून आलंय, हे त्याचा बाप सांगत न्हाई, ते पोरगं सांगत न्हाई. तळवा सांगतो."

ती सवय त्यांच्या सगळ्या जगण्यात पसरली होती. नवं टेबल आलं की ते बोटाच्या पेरानं टकटक वाजवून बघायचे, कलिंगड बघतात तसं. शाळेची नवी भिंत बांधून झाली तेव्हा इंजिनिअरसाहेबांसमोर तीही वाजवली आणि "पिकलेली न्हाई," असं म्हणाले. पहिल्याच पावसाळ्यात तिचा गिलावा सुटला. साहेबांनी पुढं कधी त्यांच्यासमोर भिंत दाखवली नाही.

ते वर्तमानपत्र आठ दिवस शिळं करून वाचायचे. ताजं आलेलं घडी करून कपाटात ठेवायचे. "आठ दिवस थांबलं की निम्म्या बातम्या आपोआप खोट्या ठरत्यात. तेवढं वाचायचं वाचतं," हा त्यांचा हिशेब. आणि सभासमारंभाला जाताना, ऋतू कुठलाही असो, त्यांच्या एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात कापडी पिशवी असायची. मी पिशवीत डोकावून पाहिलं, ती रिकामी होती. "टाळ्या वाजवायला हात मोकळा नको," एवढंच म्हणाले.

ते नेकनूरला एका गॅरेजच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा आखातात. तो शुक्रवारी फोन करायचा, म्हणजे करणार असायचा. शुक्रवारी गुरुजी वर्गात मोबाइल टेबलावर उताणा ठेवायचे आणि शिकवता शिकवता त्याच्याकडे बघायचे. वाजला तर बाहेर लिंबाखाली जाऊन बोलायचे, वाजला नाही तर शाळा सुटताना उचलून खिशात टाकायचे. बीडच्या भावांच्या लेखी ते वाया गेलेले होते. गाड्यावर बसले असते तर आज दुकान असतं. गावाच्या लेखी ते चांगले होते, पण. हा 'पण' मी गावात अनेकांच्या तोंडून ऐकला. "गुरुजी लई चांगला माणूस. पण आडवा येतो." वस्तीवरची माणसं त्यांना मान द्यायची, ओसरीवर पोतं अंथरायची, चहा द्यायची, आणि ते उठून गेले की सुटकेचा निःश्वास सोडायची. घरी आलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत पोर कामाला बसवता येत नाही. माझ्या पाहण्यात एवढा मान मिळणारा आणि इतका एकटा माणूस दुसरा नाही.

वैजंता त्यांच्या वर्गात होती. पाचवीत. ती फार हुशार होती असं मी सांगणार नाही. भागाकारात ती दर वेळी बाकी विसरायची. पण तिचं तोंड चालायचं. गुरुजींनी फाटकात तिचा हात धरला की ती उलट त्यांचाच दाबायची.

"गुरुजी, तुमचा हात लई मऊ हाय. लोण्यावानी. काईच काम करीत न्हाईत का तुमी?"

"करतो की. तुला शिकवतो."

"ते काय काम हाय?"

गुरुजी मला म्हणाले, "तपासणीला आलेल्या साहेबांनीबी मला एवढा नेमका प्रश्न कधी इचारला न्हाई."

तिची अडचण कडेवर होती. मीरा, धाकटी बहीण, वर्षाचीही नसेल. आई अनसाबाई आणि बाप मारुती खदानीत. तान्ह्या पोरीला दगडांच्या चिपा उडतात तिथं ठेवता येईना, म्हणून पहाटेची खडी फोडून झाली की वैजंता तिला सांभाळायची. म्हणजे शाळेला येत नव्हती. गुरुजी वस्तीवर गेले आणि म्हणाले, दोघींना पाठवा. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गाच्या छताच्या लोखंडी नळीला जुन्या लुगड्याची झोळी बांधली. मीरा झोळीत, वैजंता खाली पाटी घेऊन, आणि झोळीची दोरी तिच्या पायाच्या अंगठ्याला. पायानं झोका, हातानं भागाकार. बाकी विसरायची त्याचं एक कारण हेही असेल.

मग तपासणी आली. साहेबांनी झोळी पाहिली.

"हे काय आहे, गुरुजी?"

"पट वाढवलाय, साहेब. पुढच्या सहा वर्षांची तरतूद."

साहेब हसले नाहीत. वर्गात झोळी बांधणं शिस्तीत बसत नाही, असा शेरा देऊन गेले. गुरुजींनी दुसऱ्या दिवशी झोळी सोडली आणि व्हरांड्यात बांधली. व्हरांड्याबद्दल शेऱ्यात काही नव्हतं.

आता हातोडीचं सांगायला हवं, कारण गुरुजींची सगळ्यात मोठी चूक तिथं झाली.

त्या वस्तीत पोर जरा जाणतं झालं की बाप त्याला त्याची स्वतःची हातोडी करून द्यायचा. झिजलेल्या जुन्या हातोडीचं डोकं आणि त्याला बाभळीचा नवा दांडा. दांड्याचं माप पोराच्या हातावर घ्यायचं: मिटलेल्या मुठीपासून कोपरापर्यंत. आखूड झाला तर घाव चुकून बोटावर येतो, लांब झाला तर मनगट भरून येतं. पोर वाढतं म्हणून बोटभर जास्तीचा ठेवायचा. ज्या दिवशी हातोडी मिळे त्या दिवशी आई वस्तीत गूळ वाटायची आणि पोरगं ती खांद्यावर टाकून सगळ्यांना दाखवत हिंडायचं. दुसऱ्याची हातोडी कुणी उचलत नसे. बाहेरून बघणाऱ्याला त्यात क्रूरपणा दिसायचा. पण दांडा तासताना मारुती पोरीचा हात ज्या जपणुकीनं आपल्या मांडीवर ठेवायचा ती मी पाहिली आहे, आणि तिला काय म्हणायचं ते मला अजून कळलेलं नाही.

गुरुजींना वाटलं, गाठ इथंच आहे. "हत्यार न्हाई तर काम न्हाई, सर. मोठी हातोडी पोराच्यानं उचलत न्हाई. ल्हान हातोड्या गोळा करायच्या. पुन्हा करणार न्हाई असा शब्द घ्यायचा."

ते खोपटा-खोपटात गेले. मला वाटलं होतं, लोक भांडतील. कुणी भांडलं नाही. माणसं एकमेकांकडे बघून जराशी हसली आणि हातोड्या आणून दिल्या. मारुतीनं वैजंताची दिली. गळ्याला हात लावून म्हणाला, "तुमचा शब्द मोडायचा न्हाई, गुरुजी. ल्हान हातोडी करणार न्हाई." गुरुजी पोतं भरून हातोड्या घेऊन आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा आनंदासारखं काही पाहिलं. त्या दिवशी शुक्रवार होता आणि फोनही वाजला होता, त्यामुळं नक्की कशाचा ते सांगता येत नाही.

ही बातमी अण्णांना कळली. अण्णा आमच्या भागातले पुढारी, खदानीची जमीन त्यांच्या चुलत्याच्या नावावर. अण्णांना कल्पना एकदम पटली. आठवड्याच्या आत शाळेसमोर मांडव पडला. मांडवाखाली चिखल होऊ नये म्हणून खडी पसरली, ती अर्थात खदानीतलीच, ताजी. फलकावर 'बालकामगारमुक्त गाव' आणि खाली माणसांचे इतके फोटो की गावच दिसेना. टेबलावर हिरवं कापड, त्यावर हातोड्या ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीवर झेंडूचं एक फूल. शस्त्रपूजा असावी तशी. पोरं उन्हात बसली होती आणि आपापली हातोडी ओळखून एकमेकांना बोटानं दाखवत होती.

अण्णांचं भाषण मला पाठ आहे, कारण त्यातलं एक वाक्य मी नंतर पुष्कळांना ऐकवलं. "आमच्या गावात बालमजुरी कधीच नव्हती," अण्णा म्हणाले, "आणि आज आपण ती कायमची संपवली." टाळ्या झाल्या. गुरुजी शेवटच्या रांगेत होते, एका हातात छत्री, एका हातात पिशवी. शाल देण्यासाठी त्यांचं नाव पुकारलं तेव्हा ते जागेवर नव्हते. व्हरांड्यात मीरा उठली होती आणि ते छत्री-पिशवी बाजूला ठेवून झोका देत होते. शाल अण्णांनीच त्यांच्या वतीनं स्वीकारली आणि बहुधा अजून त्यांच्याकडेच आहे. हातोड्या तालुक्याला गेल्या. तिथल्या कचेरीत काचेच्या कपाटात लागल्या आणि खाली एक चिठ्ठी लागली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत गुरुजी फाटकात अस्वस्थ दिसू लागले. हात जास्त वेळ धरायचे.

"सर, हे उलटं होतंय," ते एका सकाळी म्हणाले. "हात सुधारायला पाहिजेत. बिघडत चाललेत. फोड मोठे झालेत. मनगटं सुजलीत. कावून?"

त्यांनी पोरांना विचारलं. पोरं हसली आणि पळाली. मग एक आठवडा वैजंता आली नाही, तेव्हा ते वस्तीवर गेले. त्या दिवशी मी सोबत होतो.

वैजंता खोपटात भिंतीला टेकून बसली होती. डावा हात चिंधीत गुंडाळलेला, चिंधीला हळद आणि रक्त दोन्ही. अंगठ्याशेजारचं बोट ठेचलं होतं. नेकनूरच्या दवाखान्यात त्याचं वरचं पेर काढावं लागलं होतं. मीरा तिच्या मांडीवर होती. गुरुजींना बघून वैजंतानं सवयीनं हात पुढं केला, उजवा. गुरुजींनी तो धरला आणि सोडलाच नाही.

"कशानं झालं?"

"आईच्या हातोडीनं," ती म्हणाली. "लई जड हाय ती. घसरली."

गुरुजींनी मारुतीकडे पाहिलं. मारुती उभाच होता. त्याच्या चेहऱ्यावर अपराध नव्हता, उलट जरा मान ताठ होती. दिलेला शब्द पाळणाऱ्या माणसाची असते तशी.

"तुमाला शब्द दिलता, गुरुजी. वस्तीत एकानंबी ल्हान हातोडी केली न्हाई. इचारा कुणालाबी."

"मग मोठीनं करीत होती?"

"दुसरी कुठली हाय?"

"मला सांगितलं कावून न्हाई?"

"तुमी हातोडीचं बोलला होता," मारुती म्हणाला. "कामाचं कुठं बोलला होता?"

मग अनसाबाई चुलीपाशून म्हणाली, "पोरीबिगर ट्रॉली भरत न्हाई, गुरुजी. आमी दोघं किती केलं तरी कोपरा ऱ्हातोच. दोन बार ट्रॉली उणी गेली की मुकादम आमची जागा दुसऱ्याला देतो. जागा गेली की ह्या खोपटाचीबी जागा जाती. पोरगी शाळेत बसंल, पण ऱ्हाईल कुठं?" तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ती आपलं कालवणाचं कसं करायचं सांगावं तसं सांगत होती. मग म्हणाली, "आता एक करा. तिची हातोडी तेवढी परत द्या. मोठीनं दुसरं बोट जाईल."

परत येताना गुरुजी वाटेतल्या प्रत्येक मोठ्या दगडाला छत्रीनं टोचत चालले होते. शाळेपाशी आल्यावर म्हणाले, "वस्ती माझा शब्द मोडंल, एवढीच मला भीती होती."

ते तालुक्याला गेले. कचेरीतल्या कारकुनानं त्यांचं म्हणणं सभ्यपणे ऐकून घेतलं.

"परत द्यायची तरतूद नाही, गुरुजी. ते प्रदर्शन आहे."

"पोरींची बोटं जायलीत."

"हो, पण बघा ना. हातोड्या परत दिल्या तर गाव मुक्त कसं राहील?"

गुरुजींनी काचेवर बोटानं टकटक केलं आणि परत आले. कपाट पोकळ वाजतं, एवढंच मला म्हणाले.

त्या रविवारी दुपारी मी शाळेत काही कागद घ्यायला गेलो होतो. गुरुजी ओट्यावर बसले होते. समोर नेकनूरच्या लोहाराकडून आणलेलं हातोडीचं लहान डोकं, बाभळीची एक फांदी, रंधा, करवत. शेजारी मारुती उकिडवा बसलेला आणि समोर मीराला घेऊन वैजंता. ज्या माणसानं वस्तीतली प्रत्येक लहान हातोडी उचलून आणली होती तो आता दांडा तासत होता. त्यांना ते येत नव्हतं. मारुती दोनदा पुढं झाला, त्यांनी दोन्ही वेळा त्याला हातानं थोपवलं.

त्यांनी वैजंताचा हात मांडीवर घेतला. मूठ मिटायला लावली. दांडा मुठीपासून कोपरापर्यंत लावला, कोळशानं खूण केली, करवत उचलली.

"बोटभर जास्तीचा ठेवा, गुरुजी," मारुती म्हणाला. "वाढत्या अंगाची हाय."

"न्हाई."

"पुढल्या साली आखूड होईल की."

"होऊ दे. ही या वर्षापुरती हाय."

"आखूड दांड्यानं बोट जातं, गुरुजी. तुमाला म्हायती न्हाई."

"म्हायती हाय," गुरुजी म्हणाले. "म्हणून तर."

त्यांनी खुणेवर करवत चालवली. बोटभर लाकूड खाली पडलं. वैजंतानं ते उचललं, उलटंसुलटं बघितलं आणि मीराच्या हातात खेळायला दिलं. मग हातोडी हातात तोलली.

"वाकडा हाय दांडा," ती म्हणाली.

"मऊ हातांनी केलाय," गुरुजी म्हणाले. ती हसली. मी कागद न घेताच परत गेलो.

त्या वर्षी गुरुजींनी दुसरं काही केलं नाही. त्यांच्या डोक्यात तो दांडा होता. तो आखूड पडायच्या आत पोरगी खदानीतून निघायला हवी. बीडच्या मुलींच्या वसतिगृहासाठी दाखले हवे होते, आणि वैजंताचा जन्म ज्या खदानीवर झाला ती आता तळं झाली होती. गुरुजी त्या तळ्याच्या गावाला जाऊन दाखला घेऊन आले. मारुतीकडे ते दर आठवड्याला जायचे. मारुती दर आठवड्याला "बघू" म्हणायचा. आणि जूनमध्ये एक दिवस "न्या" म्हणाला. गुरुजींच्या चिकाटीनं तो बदलला असं मला लिहायला आवडलं असतं. पण माझ्या मते काम त्या बोटानं केलं. डाव्या हाताला दगड धरण्याची पकड राहिली नव्हती, त्यामुळं ट्रॉलीचा कोपरा तिच्यानं तसाही भरत नव्हता.

गुरुजी तिला बीडला घेऊन गेले. निघताना तिनं हातोडी गुरुजींना द्यायला आणली होती. अनसाबाईनं ती तिच्या हातातून घेतली. "ऱ्हाऊ दे घरात. लोखंड हाय," म्हणाली. ते कुणाला खटकलं नाही.

दिवाळीनंतर मारुतीचं बिऱ्हाड कडा गावाकडच्या खदानीवर गेलं. वस्ती अशीच जात-येत राहायची. व्हरांड्यातली झोळी गुरुजींनी सोडली नाही. त्यांच्या निवृत्तीच्या दिवशीही ती होती, आणि भाषणं करणाऱ्या पाहुण्यांच्या डोक्याला अधूनमधून लागत होती. सत्काराला उत्तर देताना गुरुजी म्हणाले, "तुमी सगळे आलात. ऊन वाढायच्या आत घरी जा." छत्री-पिशवी उचलून ते नेकनूरच्या जीपमध्ये बसले. त्यानंतर फाटकात मी उभा राहू लागलो. हात मात्र मी कधी धरले नाहीत. मला त्यातलं काही कळत नाही, असं मी स्वतःला सांगत असे.

शेवटचे ते मला मागल्या हिवाळ्यात भेटले, बीडच्या बसस्टँडबाहेर, भावाच्या फळगाड्यापाशी. वाळले होते. गाड्यामागच्या खोक्यावर बसून मोसंबी पिशवीत भरत होते. पिशवी पहिल्यांदा भरलेली पाहिली. खांद्यावर जाडसर पंचा, शेजारी डबा आणि छत्री.

"वैजंता कशी आहे?" मी विचारलं.

"कालेजात हाय, शेवटच्या सालाला. बाकी अजून इसरती." ते हसले. "परवा मला म्हणते, गुरुजी, आता तुमी तरी कायतरी काम करा."

"घरचे काय म्हणतात?"

त्यांनी एक मोसंबं हातात घेऊन दाबलं, बाजूला ठेवलं.

"कड्याला गेलतो उन्हाळ्यात. म्हटलं, आईबापाला सांगावं, पोरगी पास झाली. खदानीवर गेलो. एक चिमुरडी दगडावर बसलेली. मला वळखलं न्हाई तिनं. मी वळखलं. मीरा. झोळीतली. हातात तीच हातोडी. तोच वाकडा दांडा. मी तिचा हात घेतला, मूठ मिटली, दांडा लावून बघितला. कोपरापर्यंत बरोब्बर. जसा काय तिच्याच मापानं केला व्हता."

मागून त्यांचा भाऊ गिऱ्हाइकाला भाव सांगत होता.

"बोटभर जास्तीचा ठेवला असता तर…" गुरुजी म्हणाले.

"तर मारुतीनं कापला असता," मी म्हणालो.

"हां. कापला असता." ते उठले, पंचा झटकून परत खांद्यावर टाकला. "एकीला उचललं की ती जागा रिकामी ऱ्हात न्हाई, सर. ट्रॉलीला माणूस लागतंच. कोपरा भरला की पोरगी सुटली. न्हाई भरला की बसली. एवढंच हाय सगळं. भाषणाला इषय न्हाई ह्यात."

"आता कुठं निघालात?"

"कड्याला. जातो आताशा. तिथं शाळा हाय वस्तीपासनं जवळ. मीरा जाती. मी असतो त्या दिवशी जाती."

ते असले की ती शाळेत जाते, यात ते नेमकं काय करतात हे मला उमगलं नाही. आडवे येत असतील, पूर्वीसारखे पोत्यावर बसून. मी तसं काही बोलणार होतो, तेवढ्यात त्यांनी निरोपाला माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. जरा दाबला. "अजून पुस्तकाचाच हाय," म्हणाले.

त्यांचा मात्र तो पूर्वीचा मऊ हात राहिला नव्हता. तळव्याची कातडी जाड, करकरीत झाली होती. बोटांच्या मुळाशी फोड होते, काही फुटून वाळलेले, काही ताजे. अंगठ्याच्या बेचक्यात, जिथं दांडा बसतो तिथं, टणक घट्टा. इतकी वर्षं त्यांच्याशेजारी उभं राहून मला काही कळत नाही असं मी समजत होतो. ते तेवढं कळलं. मी हात धरून ठेवला, ते पोरांचा धरत तसा.

त्यांनी तो सोडवून घेतला.

"बस सुटंल," म्हणाले, आणि डबा, पिशवी, छत्री सावरत फलाटाकडे गेले.

मी मागोमाग गेलो. कड्याची बस लागलेली होती. तिच्यात ड्रायव्हर नव्हता, कंडक्टर नव्हता, दुसरा उतारूही नव्हता. गुरुजी खिडकीपाशी बसले आणि छत्री गुडघ्यांमध्ये उभी धरून समोर बघत राहिले. मी फलाटावर होतो तोवर त्यांनी बाहेर पाहिलं नाही.